गेस्ट किनाऱ्याजवळ आला की आपोआप मेसेज जायला हवा, कसं करायचं?

पुळणवाला:

नमस्कार मंडळी, जरा टेक्निकल प्रश्न आहे, थोडा लांब आहे पण वाचा. आम्ही दापोली तालुक्यातले, मुरुड-कर्द्याच्या पट्ट्यात आमच्या आठ-दहा घरांनी खोल्या काढून होमस्टे सुरू केलेत, बुकिंग एकमेकांना देतो-घेतो आणि सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर आहे. आता होतं काय, गेस्टला आम्ही बुकिंगच्या वेळीच सगळं पाठवून देतो, रस्ता कुठून घ्यायचा, जेवण आधी कळवा, गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, घालू नका, भरतीला पाण्यात लांब जाऊ नका. हा एवढा मोठा मेसेज तो मुंबई-पुण्यात ऑफिसात बसून बघतो आणि पंधरा-वीस दिवसांनी इथे येतो तेव्हा त्यातलं त्याला एक अक्षर आठवत नसतं, आणि त्यात त्याचा दोष आहे असंही मला वाटत नाही कारण तेव्हा ते त्याच्या कामाचंच नव्हतं.

गेल्या सीझनला आमच्यासमोरच एक मोठी गाडी अडकली. संध्याकाळी वाळू कशी घट्ट दिसते, फरशीसारखी, म्हणून खाली पार ओल्यापर्यंत नेली, फोटोबिटो काढले आणि निघताना पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. तो जेवढा ॲक्सिलरेटर दाबतोय तेवढं चाक खाली जातंय, आम्ही झावळ्या आणून घातल्या, पायपुसणी घातली, शेवटी ट्रॅक्टर बोलावला आणि तो येईपर्यंत पाणी दरवाजाला लागलं होतं, मागच्या सीटवर दोन लहान मुलं. निघाली गाडी, माणसं सुखरूप. पण त्या माणसाला अर्धा तास आधी नुसती एक ओळ दिसली असती ना की "आत्ता पाणी चढतंय, गाडी वर घ्या" तर हे झालंच नसतं.

तर मला हवंय असं: गेस्ट गावाच्या जवळ आला की एक मेसेज, घरी पोचला की दुसरा, आणि किनाऱ्यावर उतरला की भरतीचा. एकाने सांगितलं की गेस्टच्या मोबाईलचं लोकेशन घेऊन हे सगळं आपोआप होतं, सॉफ्टवेअर देतो, वर्षाचे एवढे एवढे. खरंच होतं का? आणि आमच्यासारख्यांना झेपेल असं काही आहे का? नुसती ब्रॉडकास्ट लिस्ट करून बघितली, अर्ध्या लोकांना मेसेज जातच नाहीत.

कोडवाला_रत्नागिरीकर:

दादा, प्रश्न एकदम बरोबर मांडलायत. मी याच लाइनमध्ये आहे, पुण्यात नोकरी, घर रत्नागिरीजवळ.

आधी ब्रॉडकास्टचं. त्या लिस्टचा मेसेज फक्त ज्याने तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, म्हणून अर्धे कोरडे राहतात, तुमची काही चूक नाही.

आता लोकेशन. व्हॉट्सॲप किंवा साधा एसएमएस पाठवणाऱ्याला समोरचा कुठे आहे हे कळत नाही, कळूही नये. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्याला जिओफेन्स म्हणतात, नकाशावर एक गोल आखायचा आणि फोन त्या गोलात शिरला की मेसेज उडतो. पण त्यासाठी गेस्टच्या फोनमध्ये तुमचं ॲप असायला लागतं आणि त्या ॲपला बॅकग्राउंडलासुद्धा लोकेशनची परवानगी लागते, ती आता अँड्रॉइडवर एका टॅपमध्ये मिळतच नाही, माणसाला सेटिंगमध्ये जाऊन "ऑल द टाइम" निवडावं लागतं. दोन रात्री राहायला येणारा माणूस हे करेल? मी तरी नाही करणार.

आणि केलंच समजा, तरी तो गोल फार लहान आखता येत नाही. गूगलच्याच सूचना आहेत की १०० ते १५० मीटरच्या खाली जाऊ नका, कारण फोन लोकेशन वायफाय आणि टॉवरवरून पण काढतो आणि ते तेवढं नेमकं नसतं. तुमचं घर, रस्ता, सुरूची झाडं आणि पुळण हे सगळं मिळून तेवढ्यातच आलं की, म्हणजे माणूस पडवीत चहा पीत बसलाय का पाण्यात उतरलाय हे त्या गोलाला कळायचं नाही. शिवाय बॅटरी वाचवायला फोन बॅकग्राउंडला लोकेशन सारखं बघत नाही, मेसेज दोन-तीन मिनिटं उशिरा येऊ शकतो, फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर त्याहून जास्त. मोठ्या मॉलला हे चालतं, तुम्हाला नाही चालणार.

माझं म्हणणं, उलटीकडून विचार करा. गेस्टची जागा तुम्ही शोधू नका, जागेलाच बोलू द्या. पुळणीवर उतरायची जी वाट आहे तिथे एक बोर्ड आणि त्यावर क्यूआर. प्रत्येक बोर्डाचा कोड वेगळा ठेवा. तो कोड स्कॅन झाला याचाच अर्थ माणूस त्या बोर्डासमोर उभा आहे, कुठलं जीपीएस नको, परवानगी नको, ॲप नको. क्यूआरमधून व्हॉट्सॲप उघडतं आणि त्यात मजकूर आधीच टाइप होऊन येतो, "कर्दे उतार, आत्ता भरती कधी?" असा, त्याने फक्त सेंड दाबायचं. त्याने आपणहून मेसेज केला की पुढचे २४ तास तुम्ही त्याला मोकळेपणी उत्तर देऊ शकता, बिझनेस एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची व्हॉट्सॲपची जी सोय आहे, तिचा नियमच तसा आहे, त्या २४ तासांच्या बाहेर मात्र आधी मंजूर करून घेतलेलाच मजकूर पाठवता येतो आणि त्याला पैसे पडतात.

फुकटच्या बिझनेस ॲपमधला ग्रीटिंग मेसेज यासाठी वापरू नका हां. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो किंवा १४ दिवस काही बोलणं नसेल तर. तुमचे गेस्ट तर बुकिंगपासून बोलतायत, त्यांना तो जाणारच नाही आणि तुम्ही समजत राहाल की सिस्टिम चालू आहे.

श्रीवर्धनकरीण:

पुळणवाला दादा, एक गोष्ट आधी सांगते, बाकी सगळं नंतर. मेसेज किनाऱ्यावर पोचल्यावर पाठवायचा हा विचारच आपल्याकडे अर्धा फसतो कारण किनाऱ्यावर रेंज कुठे असते? आमच्याकडे एका कंपनीची येते तर दुसरीची नाही, आणि डोंगर उतरून खाली आलं की तासभर फोन नुसता सर्च करत बसतो. मग तो मेसेज रात्री जेवताना एकदम टिंग टिंग करून येतो.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही बुकिंगच्या मेसेजमध्ये एकच ओळ घालतो, "माणगावला चहाला थांबलात की आम्हाला फक्त १ असं पाठवा". बहुतेक लोक पाठवतात, कारण तेव्हा ते निवांत असतात, फोन हातात असतो, रेंज फुल असते आणि आता पोचणार म्हणून उत्साहात असतात. तो १ आला की आमच्याकडून पुढचा रस्ता, जेवणाला काय आहे, मासे खाणार का आणि आजची भरती, एवढंच जातं. तुमच्याकडे पुण्याहून ताम्हिणीतून येणारे मंडणगडला थांबतील, मुंबईहून हायवेने येणारे खेडला, रेल्वेने येणारे पण खेडलाच उतरतात. त्या त्या ठिकाणाचं नाव टाका म्हणजे झालं.

रेल्वेचंच बघा ना, १३९ वर डेस्टिनेशन अलर्ट लावला की स्टेशन यायच्या आधी फोन येतो. तिथे तुमचा मोबाईल कुठे आहे हे कोणी बघत नाही, गाडी कुठे आहे ते बघतात. आणि तो अलर्ट आपण मागितलेला असतो म्हणून रात्री तीन वाजता वाजला तरी राग येत नाही.

हे मागणं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. मी स्वतः कुठे फिरायला गेले आणि कोणी मला न विचारता "तुम्ही आमच्या गावात शिरलात" असा मेसेज केला तर मी घाबरेन, बाई माणूस एकटी प्रवास करत असेल तर आणखीनच. २०२३ चा डेटा संरक्षणाचा जो कायदा आलाय त्यातही तेच आहे, माहिती कशासाठी घेताय ते सांगायचं, संमती घ्यायची आणि माणसाने नको म्हटलं की थांबायचं. लोकेशन घेऊच नका हे कोडवाला दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आणि गेस्ट निघून गेला की त्याला "परत या, वीस टक्के सूट" असे मेसेज दर आठवड्याला पाठवू नका, प्लीज. एकदा का माणसाने म्यूट केलं की तुमचा भरतीचा मेसेज पण म्यूट.

मालवणी_झील:

ताईंनी बरोबर सांगल्यानी. आमच्याकडे पण ह्याच. रेंज नसताना मेसेज येऊन काय करूचो? माका वाटता बोर्डावरच मोठ्या अक्षरात लिवा, स्कॅन करणारो करीत, न करणारो वाचीत तरी.

बंदरावरचा:

सगळे मोबाईलचं बोलतायत, मी पाण्याचं बोलतो. आमची पिढीजात मासेमारी, हर्णैच्या बंदरात लिलाव लागतो तिथे रोजचा असतो मी.

पुळणवाला भाऊ, तुम्ही जर मेसेज "रोज संध्याकाळी पाच वाजता" असा लावून ठेवलात तर तो बहुतेक दिवस चुकीचाच असेल. भरती घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालते, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. आणि भरती पुरी झाली की त्यानंतर सहा तासांच्या आसपास पुरी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, नेमकं पाहिजे तर भरतीची छापील टेबलं मिळतात, पण गेस्टला सांगायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता हे तुमच्या गाडीला लावून बघा. पर्यटक पुळणीवर कधी येतो? चार-साडेचारला. दशमी-एकादशीला दुपारी दोनच्या सुमाराला ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं असतं, साडेसात-सव्वाआठपर्यंत चढतच राहतं. म्हणजे हा जो साडेचारला गाडी खाली घालतो तो नेमका मधल्या वेळेत घालतो, आणि मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात चढतं, सुरुवातीला आणि शेवटाला सावकाश असतं. त्याला वाटतं पाणी अजून लांब आहे, फोटो काढून होईपर्यंत ते चाकाला लागतं.

पौर्णिमा-अमावास्येची गोष्ट वेगळी. तेव्हा उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटी पण मोठी, आणि ती ओहोटी पडते बरोब्बर संध्याकाळी साडेपाच-सहाला. पुळण एवढी लांब उघडी पडते की एरवी पाण्याखाली असणारी वाळू पण दिसते, आणि तीच वाळू पोकळ असते, गाडी तिथेच रुतते. त्या वेळी वाटतं काही घाई नाही, पाणी कुठल्या कुठे गेलंय. ट्रॅक्टर उद्या सकाळी बोलावू म्हणून कोणी गाडी तशीच सोडून जेवायला गेला तर रात्री बाराला त्या गाडीच्या टपावर लाटा.

तेव्हा तुमचा मेसेज या दोन प्रकारच्या दिवसांना वेगळा पाहिजे. एकादशीचा मेसेज दुपारी दोनला जाऊ दे, "आज पाणी रात्री सव्वाआठपर्यंत चढणार आहे" असा. पौर्णिमेचा चारला, "आज पुळण मोठी दिसेल, खालची वाळू पोकळ आहे, गाडी घालू नका". आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार खाली-वर होत नाही, तेव्हा उगाच घाबरवू नका लोकांना, पोरांना खेळू दे. रोज रोज "सावधान सावधान" लिहिलंत तर पौर्णिमेचा मेसेज पण कोणी वाचणार नाही.

आणि एक सांगतो, जागेवरून अलर्ट देणारं यंत्र होड्यांवर बसायला लागलंय. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरच्या कार्यक्रमात त्या योजनेची सुरुवात झाली, एक लाख होड्यांवर ट्रान्सपॉंडर बसवायचे, इस्रोचं तंत्रज्ञान. ते उपग्रहावरून चालतं म्हणून मोबाईलची रेंज संपली तरी निरोप येतो-जातो, वादळाची सूचना मिळते, सागरी हद्दीजवळ गेलं की कळतं. तिथे होडी कुठे आहे हे सांगण्यात आमचाच जीव वाचतो म्हणून कोणी का कू करत नाही. गेस्टची तशी गरज नाही, त्याला वाळूवरून वर यायचंय फक्त.

श्रीवर्धनकरीण:

बंदरावरच्या काकांनी सांगितलेलं सेव्ह करून ठेवलं.

वादळाचा विषय निघाला म्हणून लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा वारा लागल्यावर काही वेळातच आमच्याकडे वीज गेली, टॉवर गेले, आणि पुढे कित्येक दिवस गावाबाहेर कोणाला कळवता येईना की आम्ही जिवंत आहोत. जे काही निरोप मिळाले ते वारा सुटायच्या आधी मिळाले तेवढेच कामाचे, नंतरचे सगळे हवेत. तेव्हा पावसाळ्यात गेस्ट घेत असाल तर इशाऱ्याचा मेसेज "वादळ आल्यावर" असा लावूच नका. हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड दिला की लगेच, गेस्ट घरून निघायच्या आधी, आणि तो आपोआप नको, फोन करून बोला.

सरकारचा सेल ब्रॉडकास्ट पण असतो, २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर मोठ्याने आवाज होऊन चाचणीचा मेसेज आला होता आठवतंय? त्याला नंबर लागत नाही, त्या टॉवरखाली जेवढे फोन आहेत तेवढ्यांना एकदम जातो, म्हणजे खरा जागेवरचा मेसेज तोच. तो आपल्याला पाठवता येत नाही पण गेस्टला एवढं सांगता येतं की फोनमधले इमर्जन्सी अलर्ट बंद करू नका. आणि मे महिन्यात, ऑक्टोबरात विजांसाठी दामिनी ॲप टाकायला सांगा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलंय, आपल्या जागेच्या २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज असेल तर दाखवतं. संध्याकाळी पुळणीवर मोकळ्यात उभं असणाऱ्याला त्याचा खरंच उपयोग आहे.

पुळणवाला:

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. काल आमच्या घरवाल्यांची पडवीत बैठक झाली, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सॉफ्टवेअरवाल्याला नाही म्हणून कळवलं. मंडणगड आणि खेडचा "१ पाठवा" आजपासूनच चालू करतोय. पुळणीवर उतरायच्या वाटांवर बोर्ड लावायला ग्रामपंचायतीला अर्ज देतोय.

दोन शंका आहेत. कोडवाला दादा, एपीआयचा खर्च सध्या नको वाटतो, त्याशिवाय क्यूआरचं उत्तर कसं द्यायचं, प्रत्येक वेळी कोणीतरी फोन घेऊन बसलेला असेल असं नाही. आणि काका, तिथी कोण बघणार रोज? घरात आई बघते कालनिर्णय पण ती कधी बाहेरगावी असते.

कोडवाला_रत्नागिरीकर:

मग व्हॉट्सॲपला मध्ये घेऊच नका. क्यूआर एका साध्या वेब पेजवर न्या, पेज उघडल्यावर आजची भरती-ओहोटी आणि एक वाक्य, बस. फोटो नाही, लोगो नाही, नुसता मजकूर, म्हणजे एक दांडी रेंज असली तरी उघडेल. काकांच्या हिशोबात बसणारं वर्षभराचं कोष्टक एकदा भरून ठेवलं की पेज आपोआप त्या दिवसाची ओळ दाखवेल आणि घड्याळ बघून "आत्ता चढतंय" की "आत्ता उतरतंय" हे ठरवेल. हे मी करून देतो, पैसे नकोत, माझ्या बहिणीची मुलं दर मे महिन्यात तिथेच येतात. फक्त कोष्टक छापील टेबलावरून भरा, आणि काकांनी एकदा नजरेखालून घाला.

साध्या एसएमएसवर जायचा विचार असेल तर थांबा, व्यवसायासाठी एसएमएस पाठवायला ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाने डीएलटी नावाच्या यंत्रणेवर नोंदणी करावी लागते, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्ही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. आठ-दहा घरांसाठी एवढा व्याप नको.

बंदरावरचा:

भरून पाठवा, बघतो. आईंना विचारून वृद्धितिथी, क्षयतिथी कुठे येतात त्यावर खूण करून घ्या, तिथे गुणाकार जरा फसतो, तेवढं टेबलावरूनच घ्यायचं.

बोर्डाचं म्हणाल तर मालवणी झील बोलला ते करा. वरती क्यूआर आणि खाली रंगाने तिथीचं कोष्टक काढा, एका बाजूला पंधरा तिथी आणि समोर भरतीची वेळ. गेस्टला तिथी माहीत नसेल तर आजची तिथी खडूने लिहायला एक चौकोन सोडा, सकाळी दूध घालायला जाणारा कोणीही लिहील. मोबाईल बंद पडला, रेंज गेली, तरी वाचता येईल.

आणि बोर्ड उधाणाच्या रेषेच्या वर रोवा. पावसाळ्यात जुलैच्या अमावास्येला पाणी सुरूच्या मुळापर्यंत येतं, कचरा आणि नारळाच्या सोडणांची ओळ जिथे लागते त्याच्या वर चार पावलं. गंजणारा पत्रा नको, जुन्या होडीची फळी देतो मी, खाऱ्या हवेत टिकते.

पुळणवाला:

काका, फळी घ्यायला रविवारी येतो लिलावाच्या वेळेला. पेजची लिंक तयार झाली की इथेच टाकतो, श्रीवर्धन-मालवणवाल्यांनी आपापल्या किनाऱ्यासाठी उचला.